५८२, मग १७, मग शून्य: मोनोचा हिशोब कोणी देईल का?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मी चेंबूरची, मैसूर कॉलनीच्या बाजूला गेली बावीस वर्षं राहते. ३१ वर्षं एका खासगी कंपनीत हिशोबाच्या टेबलावर काढली आणि आता रिटायर आहे, त्यामुळे आकडा दिसला की तो जुळतो का हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही, घरातले सगळे वैतागतात याच्यावरून. आमची चेंबूर ते सात रस्ता मोनोरेल २० सप्टेंबर २०२५ ला बंद झाली, तेव्हापासून ती परत कधी सुरू होणार याची चर्चा आमच्याकडे दूधवाल्यापासून ते रिक्षा स्टँडपर्यंत चालू असते आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, "कधी?" माझा प्रश्न जरा वेगळा आहे म्हणून हे पत्र. कधी ते नंतर सांगा हो, आधी त्या दिवशी काय झालं ते नीट सांगा.

१९ ऑगस्ट २०२५ आठवत असेलच. सकाळपासून धो धो, मिठी नदी कुर्ल्याला धोक्याच्या पातळीला, क्रांतीनगरमधल्या लोकांना हलवलं, लोकलची हार्बर लाईन बंद, सेंट्रलची मेन लाईन बंद. माझी सून लोअर परळला नोकरी करते, तिच्या ऑफिसने दुपारी दोनला सोडलं म्हणून ती मोनोने साडेतीनच्या आत घरी पोचली, आणि आल्या आल्या म्हणाली "आई, आज मोनोत चौथ्या सीटवर बसायला लोक भांडतायत", म्हणजे गंमत बघा, मोनोत चौथी सीट असते का! पण लोकलमधे तिघांच्या बाकावर चौथा बसतो ती सवय अंगात मुरलेली, जागा दिसली की सरका म्हणायचं. ती घरी आली आणि मग संध्याकाळी सव्वासहाच्या सुमाराला आमच्याच मैसूर कॉलनी आणि भक्ती पार्क स्टेशनांच्या मधे गाडी थांबली. लाईट गेले, एसी गेला, काचा बंद, आणि आत ५८२ माणसं. दुसरी गाडी आणून ओढून न्यायचा प्रयत्न झाला, तो जमला नाही, मग फायर ब्रिगेडने स्नॉर्केल, म्हणजे उंच शिडीची गाडी, लावून एकेकाला खाली उतरवलं आणि सगळे बाहेर यायला साडेतीन तास लागले. कितीतरी जणांना गुदमरल्याचा त्रास झाला. त्याच संध्याकाळी आचार्य अत्रे नगरजवळ अजून एक गाडी अडकली, तिच्यातून २०० जणांना काढलं. फायर ब्रिगेडच्या त्या मुलांना खरंच सलाम, त्या पावसात शिडीवर उभं राहून लहान पोरं, म्हातारी माणसं उतरवणं म्हणजे खायचं काम नाही.

आता कारण. एमएमआरडीएने, म्हणजे ज्या सरकारी प्राधिकरणाची ही मोनो आहे त्यांनी, सांगितलं की गाडीची मर्यादा १०४ टनांची आणि त्या दिवशी वजन १०९ टन झालं, त्यामुळे गाडी झुकली आणि वीज घेणारा भाग बाजूच्या वीजवाहक पट्टीपासून सुटला. थोडक्यात काय तर गर्दी जास्त झाली, मुंबईकरांनो तुम्हीच चढलात. सगळ्यांनी मान डोलावली, टीव्हीवर पण तेच चाललं, लोक कसे बेशिस्त वगैरे.

मी कागद-पेन घेऊन बसले. मोनो सुरू झाली तेव्हापासून सांगितलं जातंय की एका डब्यात १८ जण बसून आणि १२४ उभे, म्हणजे १४२. चार डबे म्हणजे ५६८. आणि त्या दिवशी उतरवले किती, तर ५८२. म्हणजे जास्त किती झाले, तर १४! चौदा माणसांनी पाच टन वजन वाढवलं, म्हणजे एकेक माणूस साडेतीनशे किलोचा, आमच्या चेंबूरला एवढं खाणारे लोक आहेत हे मला बावीस वर्षांत कळलं नाही. भिजलेल्या छत्र्या, बॅगा, डबे सगळं धरलं तरी हा हिशोब बसत नाही. उलट्या बाजूने करून बघा. सरासरी माणूस ६५ किलोचा धरला तर पाच टन म्हणजे साधारण ७७ माणसं. ५८२ मधून ७७ गेले, राहिले ५०५. म्हणजे १०४ टनांची मर्यादा जर खरी असेल तर गाडीची खरी क्षमता पाचशेच्या आसपास आहे, आणि एवढी वर्षं आपण ५६८ धरून चाललोय. दोन्ही आकडे एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. एकतर क्षमता फुगवून सांगितली, नाहीतर वजनाचं कारण अर्धवट आहे. माझ्या टेबलावर असा बॅलन्सशीट आला असता तर मी परत पाठवला असता, इथे तो टीव्हीवर वाचून दाखवला आणि विषय संपला.

बरं गर्दीचं कारण खरं मानू. त्यानंतर महिनाभरही झाला नाही तर १५ सप्टेंबरला सकाळी सातच्या सुमाराला अँटॉप हिल–वडाळ्याकडे गाडी परत अडकली. पाऊस होताच. आत माणसं किती होती, १७. सतरा! त्यांना दुसऱ्या गाडीत घेऊन सोडवलं. आता या सतरा जणांनी काय गर्दी केली? मग २० सप्टेंबरपासून सेवाच बंद केली, नवीन सिग्नल यंत्रणा बसवायची, नवीन गाड्या आणायच्या, सगळं नीट करायचं म्हणून. चांगला निर्णय, मी तेव्हा घरात बोलले पण की उशिरा का होईना शहाणपण सुचलं. आणि ५ नोव्हेंबरला त्याच नवीन यंत्रणेची चाचणी चालू असताना वडाळ्याला गाडी ज्या सिमेंटच्या बीमवर चालते त्यावरून वाकडी होऊन पहिला डबा उचलला गेला. टीव्हीवर तो हवेत तोंड केलेला डबा बघितला तेव्हा सून स्वयंपाकघरातून हातात लाटणं घेऊन बाहेर आली आणि काही बोललीच नाही. त्या गाडीत प्रवासी किती, तर शून्य. फक्त कर्मचारी होते.

५८२, मग १७, मग शून्य. गर्दी कमी कमी होत गेली आणि अपघात काही कमी झाले नाहीत. आणि मागे जायचं तर ९ नोव्हेंबर २०१७ ला पहाटे आमच्याच मैसूर कॉलनी स्टेशनला गाडीचे दोन डबे जळाले होते, तेव्हाही आत प्रवासी नव्हते, पहाटेची वेळ म्हणून वाचलो. दोन तासांनी लागली असती ती आग तर? त्यानंतर मोनो बंद राहिली ती थेट १ सप्टेंबर २०१८ पर्यंत, जवळजवळ दहा महिने. त्या आगीचं नेमकं कारण काय आणि त्यावर काय केलं हे सामान्य माणसाला वाचता येईल असं, मराठीत, स्टेशनवर लावलेलं मी तरी कधी बघितलं नाही. चौकशी समिती बसते, एक-दोन अधिकारी सस्पेंड होतात, आणि अहवाल कुठल्यातरी कपाटात जाऊन बसतो.

आमच्या सोसायटीत लिफ्ट आहे, जुनी, सहा माणसांची. सातवा माणूस आत आला की घंटा वाजते आणि दार बंदच होत नाही, कितीही बटणं दाबा. तिसऱ्या मजल्यावरचे काका दर वेळेला म्हणतात "अरे चालेल, मी बारीक आहे" आणि दर वेळेला घंटा वाजते आणि कोणाला तरी, बहुतेक वेळा काकांनाच, उतरावं लागतं. यात लिफ्टमन नाही, सिक्युरिटी नाही, शिस्तीचं भाषण नाही. यंत्र नाही म्हणतं आणि विषय संपतो. आता ही आमची साधी लिफ्ट जे करते ते अडीच-तीन हजार कोटींच्या गाडीला करता येत नाही का? वजन १०९ टन झालं हे नंतर कळलं, ते स्टेशनातून निघतानाच कळायला पाहिजे होतं आणि गाडी निघायलाच नको होती. ऑगस्टनंतर सांगितलं की आता १०२ ते १०४ टनांवर वजन गेलं की जास्तीचे प्रवासी उतरवू, गाडीत सिक्युरिटी ठेवू, पायलटबरोबर एक टेक्निशियन देऊ, हवा येण्याच्या खिडक्या कुठे आहेत ते नीट लिहू. उत्तम. पण सिक्युरिटीवाल्या पोराने भर पावसात दारातल्या चाळीस माणसांना "उतरा" म्हणायचं आणि ते उतरणार, हे ज्याने लिहिलं तो कधी संध्याकाळी दादरला उभा राहिलेला नाही एवढं नक्की. एकट्या पोराच्या गळ्यात ही जबाबदारी का? नवीन गाड्यांमधे मर्यादेपेक्षा जास्त वजन झालं की दार बंदच होणार नाही आणि गाडी हलणारच नाही अशी सोय आहे का, असेल तर एका वाक्यात "आहे" म्हणा, मी गप्प बसते.

आता मुद्द्याचं सांगते, कारण मला वाटतं यावर कोणी बोलतच नाहीये. मोनो एरवी रिकामी असते. सुरू करताना लाखभर प्रवाशांचे अंदाज होते, प्रत्यक्षात दिवसाला पंधरा-सोळा हजार लोक बसायचे, मधे मधे गाड्यांची वेळ एवढी लांबायची की लोक बसने निघून जायचे. त्यामुळे एरवी तिची परीक्षा होतच नाही. तिची परीक्षा वर्षातून चार-पाच दिवस असते, ज्या दिवशी कुर्ल्याला रुळांवर पाणी येतं, चुनाभट्टीला पाणी येतं, हार्बर बंद पडते आणि खाली रस्त्यावर बेस्टची बस सायनला तासभर उभी असते. त्या दिवशी मान वर केली की एकच गाडी पाण्याच्या वरून चाललेली दिसते, मग माणूस काय करणार, जिना चढणारच ना! यात बेशिस्त कुठे आली? २६ जुलै २००५ ला मी दादरहून चेंबूरला चालत आले, कमरेएवढ्या पाण्यातून, सायन सर्कलला एका अनोळखी मुलाने हात धरून पलीकडे नेलं, रात्री पावणेदोनला घरी पोचले. ९४४ मिलिमीटर पाऊस झाला होता त्या दिवशी. त्या रात्री डोक्यावरून एखादी गाडी जात असती तर मी पण घुसले असते, हाताने दार धरून घुसले असते. म्हणून म्हणते, मोनोची सुरक्षा ठरवताना तिच्यातला मंगळवार दुपारचा रिकामा डबा धरू नका, १९ ऑगस्टचा डबा धरा. हार्बर बंद झाली असा मेसेज आला की त्याच मिनिटाला मोनोच्या स्टेशनवर काय करायचं, जिन्याच्या खाली किती लोकांना थांबवायचं, कोण थांबवणार, पोलिसांना कोण कळवणार, हे आधी कागदावर आहे का? की लोकलवाले एकीकडे, मोनोवाले दुसरीकडे आणि बेस्टवाले तिसरीकडे, आणि प्रत्येकजण दुसऱ्याची बातमी टीव्हीवर बघतोय?

दुसरं म्हणजे उतरायची वाट. लोकल बंद पडली तर आपण काय करतो, उडी मारतो आणि रुळावरून चालायला लागतो, करू नये पण करतो. मेट्रो थांबली तरी खाली सलग स्लॅब असतो, माणसांना धरून धरून पुढच्या स्टेशनपर्यंत चालवत नेता येतं. मोनोला हे काहीच नाही. ती एका सिमेंटच्या बीमवर घोड्यावर मांड टाकावी तशी बसलेली असते, दोन्ही बाजूला पाय सोडून, आणि दार उघडलं की खाली थेट रस्ता. बाजूने चालायला वाटच नाही. ब्राझीलमधे साओ पाउलोला मोनो आहे तिथे बीमच्या कडेने अशी वाट केलेली आहे, म्हणजे करता येते. आपल्याकडे सगळी भिस्त खालून येणाऱ्या शिडीवर. आणि शिडीची गाडी येणार कुठून, तर त्याच पाण्यातून, त्याच ट्रॅफिकमधून. आमच्याकडे त्या दिवशी ती पोचली हे नशीब समजा. हीच गाडी दादर पूर्व आणि नायगावच्या मधे अडकली असती तर? बाजूला हिंदमाता, तिथे पाणी किती साचतं हे मुंबईतल्या शाळेतल्या पोराला पण माहितीय. करी रोडला तर मोनो लोकलच्या रुळांच्या वरून जाते, खाली ओव्हरहेड वायर, तिथे स्नॉर्केल उभी करायची कुठे? हे प्रश्न मला स्वयंपाक करता करता पडतात तर ज्यांनी हे डिझाईन पास केलं त्यांना पडले नसतील असं मला वाटत नाही, पडले असतील आणि कोणीतरी म्हणालं असेल की बघू पुढे.

मला तर वाटतं प्रत्येक खांबावर मोठ्या आकड्यात नंबर पाहिजे जो डब्यातल्या माणसाला खिडकीतून दिसेल, कारण आत अडकलेला माणूस फोन करून सांगणार काय, "मी मोनोत आहे, खाली एक वडापावची गाडी दिसतेय"? आणि खांबाखालची पार्किंग. आमच्या रस्त्यावर बीमच्या खाली टेम्पो, टँकर, बंद पडलेल्या रिक्षा कायमच्या उभ्या असतात, त्यांच्यात एक रिक्षा तर अशी आहे की तिच्यात आता पिंपळ उगवलाय. शिडीची गाडी लावायला जागा कुठे करणार, आधी पिंपळाची पूजा करून मग?

अजून एक, आणि हे मी मुद्दाम लिहिते कारण बाहेरच्यांना कळत नाही. मोनोची स्टेशनं बघा, फर्टिलायझर टाऊनशिप, भारत पेट्रोलियम. नावावरूनच कळतं कुठून जाते ती. एका बाजूला खताचा कारखाना, एका बाजूला रिफायनऱ्या. ८ ऑगस्ट २०१८ ला माहुलला भारत पेट्रोलियमच्या रिफायनरीत स्फोट झाला तेव्हा आमच्या काचा थरथरल्या, आम्हाला आधी भूकंप वाटला, मग काळा धूर दिसला. त्या दिवशी मोनो आधीच्या आगीमुळे बंद होती, म्हणजे एका अपघाताने दुसऱ्या अपघातातून वाचवलं असं म्हणायचं. पण उद्या असं काही झालं आणि गाडी त्याच पट्ट्यात उभी राहिली, काचा बंद, बाहेर धूर, तर कंट्रोल रूमने पहिली पाच मिनिटं काय करायचं? गाडी मागे घ्यायची की पुढे? रिफायनरीवाल्यांच्या आणि मोनोवाल्यांच्या एकत्र ड्रिल होतात का? होत असतील तर आम्हाला, म्हणजे जे रोज बसतात त्यांना, एकदा तरी बोलवा. सून म्हणते तिने एवढ्या वर्षांत हवेची खिडकी कशी उघडायची हे कधी बघितलं नाही, ऑगस्टनंतर युट्यूबवर बघून शिकली.

जाता जाता एक सांगते, विषय सोडून आहे थोडा. २६ मे २०२५ ला मेट्रो तीनचं आचार्य अत्रे चौक स्टेशन, उघडून पंधरा-सोळाच दिवस झाले होते, ते पाण्यात गेलं. ऑगस्टमधे मोनोची दुसरी गाडी अडकली ती आचार्य अत्रे नगरला. एकाच पावसाळ्यात जमिनीखालचे अत्रे पण बुडाले आणि हवेतले अत्रे पण लटकले. अत्रेसाहेब आज असते तर त्यांच्या 'मराठा'च्या पहिल्या पानावर गेल्या दहा हजार वर्षांत असा कारभार झाला नाही असा अग्रलेख ठोकला असता, आणि दुसऱ्या दिवशी मंत्रालयात त्याची चर्चा झाली असती. आता आपल्यासारख्यांची पत्रं येतात ती शनिवारच्या पानात कोपऱ्यात.

काही लोक म्हणतात पाडून टाका ती मोनो, पांढरा हत्ती आहे, तोट्यात आहे. व्हॉट्सॲपवर असले मेसेज भरपूर येतात, बहुतेक पाठवणारे अंधेरी-बोरिवलीचे. माझं तसं म्हणणं नाही, अजिबात नाही. २०१४ च्या फेब्रुवारीत पृथ्वीराज चव्हाणांनी उद्घाटन केलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, रविवार होता, आम्ही सगळे सकाळपासून रांगेत होतो, मुलगा तेव्हा कॉलेजला, सासूबाई होत्या, आणि गाडी वळणावर जरा कलली तेव्हा सासूबाई म्हणाल्या "पाळण्यात बसल्यासारखं वाटतंय गं". तेव्हा ती नुसती वडाळ्यापर्यंत जायची, कोणाच्या कामाची नव्हती. २०१९ मधे पुढे सात रस्त्यापर्यंत गेली तेव्हा कुठे आमच्यासारख्यांना उपयोग सुरू झाला. भक्ती पार्क, अँटॉप हिल, वाशीनाका, माहुलकडच्या वसाहती, इथल्या लोकांना लोकल स्टेशन लांब आहे, शेअर रिक्षा, मग बस, मग लोकल असं करत दीड तास जातो. बंद झाल्यापासून सून सकाळी पाऊण तास आधी निघते आणि संध्याकाळी तेवढीच उशिरा येते, नातवाची शाळा सुटली की मी आणायला जाते. म्हणजे मोनो बंद आहे याचं भाडं मी माझ्या गुडघ्यांनी भरतेय. पाहिजे आहे हो ती आम्हाला. म्हणूनच घाईघाईत फीत कापून ती परत सुरू करू नका असं कळकळीने सांगतेय.

नवीन गाड्या आल्यात, देशात बनवलेल्या आहेत, सिग्नलची यंत्रणा पण देशीच आहे असं सांगतात, आनंद आहे. मागच्या वेळी मलेशियाच्या कंपनीच्या गाड्या घेतल्या, मग २०१८ च्या डिसेंबरमधे ते कंत्राट रद्द झालं आणि सुटे भागच मिळेनात, चालत्या गाड्या मोजक्याच उरल्या, हे सगळं आपण बघितलं. तेव्हा देशी आहे म्हणजे निदान स्क्रू तरी मिळेल. पण ५ नोव्हेंबरला वाकडी झाली ती याच नवीन व्यवस्थेच्या चाचणीत. अवघड परिस्थिती मुद्दाम तयार करून चाचण्या घेतो, त्यातलाच हा प्रकार अशा अर्थाचं काहीतरी सांगण्यात आलं. असेल. चाचणीत चुका सापडाव्यात म्हणूनच चाचणी असते, हे मला मान्य आहे, पण मग चूक काय सापडली ते सांगा ना. बीमची चूक, सिग्नलची चूक, का माणसाची चूक? घरातला मिक्सर दुरुस्त करून आणला तरी दुकानदार सांगतो ताई कॉइल जळाली होती, बदलली. इथे आम्ही पोराबाळांना बसवणार आहोत.

माझं मागणं फार नाही. २०१७ ची आग, १९ ऑगस्ट, १५ सप्टेंबर आणि ५ नोव्हेंबर, या चारही घटनांचे अहवाल मराठीत, साध्या भाषेत, पहिली गाडी सुटायच्या आधी लोकांसमोर ठेवा. ५६८ आणि १०४ टन यातला खरा आकडा कुठला ते सांगा आणि तो डब्यात दारावर लिहा, लिफ्टमधे लिहितात तसा. वीज गेली तर आतली हवा बॅटरीवर किती मिनिटं चालते तेही तिथेच लिहा. आणि ज्यांनी गाडी बनवली, ज्यांनी चालवली आणि ज्यांनी विकत घेतली त्यांच्यापैकी कोणीही नसलेल्या माणसाने ती तपासून सही करू द्या, कारण आमच्याकडे हिशोब लिहिणाऱ्याला ऑडिट करायला कधी बसवत नसत. एक रंगीत तालीम पण करा, दिवसाढवळ्या, भर रस्त्यात, डब्यात पाचशे माणसं बसवून, त्यात माझ्यासारख्या गुडघेवाल्या बायका पण घ्या, गाडी मधेच थांबवा आणि घड्याळ लावा. शेवटची बाई खाली उतरायला किती वेळ लागतो ते बघू. मी स्वतः यायला तयार आहे, माझा नंबर पहिला लावा, फक्त एक पाण्याची बाटली द्या आणि कामवालीला सुट्टी सांगायला दोन दिवस आधी कळवा.

पत्र लांबलं, मला कल्पना आहे, जागा नसेल तर अत्र्यांचा भाग कापा, पिंपळाचा पण कापा, वजनाचा हिशोब तेवढा ठेवा.

आपली नम्र,
एक जुनी वाचक, चेंबूर